असं का होतं? : बजरीगर आणि तापलेला तवा

इंदूरला थंडी पडली, की लालबागेजवळच्या घरांतही बजरीगरांचा पिंजरा उबेसाठी स्वयंपाकघरात ठेवावासा वाटतो. कृपा करून ठेवू नका.

आपला श्वास भात्यासारखा चालतो: हवा ज्या वाटेने आत येते, त्याच वाटेने बाहेर जाते आणि थोडी शिळी हवा आत उरते. पक्ष्यांचं तसं नाही. बहुतेक पक्ष्यांच्या फुप्फुसांना हवेच्या नऊ पिशव्या जोडलेल्या असतात. त्यांच्यामुळे श्वास घेताना आणि सोडतानाही फुप्फुसांतून ताजी हवा एकाच दिशेने वाहते. उडायला लागणारा भरपूर प्राणवायू असा मिळतो. पण हवेत विष असेल, तर तेही तितक्याच झपाट्याने रक्तात उतरतं. शिवाय बजरीगराचं वजन जेमतेम ३०-४० ग्रॅम! म्हणूनच ब्रिटनच्या कोळसा खाणींत विषारी वायू ओळखायला १९८६ पर्यंत कॅनरी पक्षी ठेवत.

घरात सर्वांत मोठा धोका नॉनस्टिक तव्याचा. तो रिकामा राहून फार तापला, तर त्याच्या लेपातून निघणारा वायू आपल्याला जाणवतही नाही. बजरीगर मात्र काही मिनिटांत दगावू शकतो. डासांची कॉइल, धूप, अगरबत्तीही पिंजऱ्यापासून लांबच हवी. पिसं फुगवून बसलेला पक्षी श्वासागणिक शेपूट हलवत असेल, तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या. पक्षी आजार अगदी शेवटपर्यंत लपवतात.