अँटिकिथेरा : पाहुण्या पाखरांचे बेट

ग्रीसच्या नकाशावर अँटिकिथेरा शोधायचे तर भिंगच हाती घ्यावे लागेल. किथेरा आणि क्रीट या दोन बेटांच्या मधोमध समुद्रात उभा असलेला हा सुमारे २० चौरस किलोमीटरचा खडकाळ तुकडा. जगाला त्याचे नाव ठाऊक झाले ते एका यंत्रामुळे. १९०० साली समुद्रतळातून स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांना इथे एक बुडालेले जहाज सापडले. त्यातल्या काशाच्या दातेरी चक्रांवरून ग्रीक लोक दोन हजार वर्षांपूर्वी सूर्य-चंद्राच्या गतीचे गणित मांडत होते, हे पुढे कळले. ते यंत्र आज अथेन्सच्या संग्रहालयात आहे. बेटावर मात्र दुसरेच एक वेळापत्रक पाळले जाते, आणि ते पाळतो एक ससाणा.

त्याचे नाव एलिओनोराचा ससाणा. चौदाव्या शतकात सार्डिनिया बेटावर एलिओनोरा नावाची राज्यकर्ती होऊन गेली. ससाण्यांच्या घरट्यांना तिने कायद्याचे संरक्षण दिले, म्हणून हे नाव. जगातल्या या ससाण्यांपैकी सुमारे ८० टक्के जोड्या ग्रीक बेटांवर घरटी करतात आणि अँटिकिथेराच्या कड्यांवर त्यांची एक मोठी वसाहत आहे.

बहुतेक पक्ष्यांची पिल्ले वसंतात किंवा उन्हाळ्याच्या सुरुवातीला बाहेर पडतात. हा पक्षी मात्र जुलैअखेरपर्यंत अंडी घालत नाही. तोवर तो हवेत उडणाऱ्या किड्यांवर गुजराण करतो. असे का? कारण ऑगस्टअखेरपासून युरोपातली लहान पाखरे आफ्रिकेकडे निघतात. ससाण्याची पिल्ले भुकेने चोच उघडतात ती नेमकी याच वेळी. ससाणे समुद्रावर वाऱ्याच्या तोंडाशी पंख पसरून उभे राहतात आणि थकून येणाऱ्या पाखरांवर झेप घेतात. पिल्ले मोठी झाली की शरदात सारा गोतावळा आफ्रिका ओलांडून थेट मादागास्करला जातो.

म्हणजे हे बेट काही पाखरांसाठी धर्मशाळा, तर काहींसाठी मृत्यूचा सापळा. तरी बहुतेक सुखरूप निघून जातात. पण त्यासाठी बेटावर दोन घास आणि घोटभर पाणी हवे. इथेच माणसाचा संबंध येतो. पूर्वी शेतकऱ्यांनी डोंगरउतारावर दगडी बांध घालून धान्य पिकवले, पावसाचे पाणी टाक्यांत साठवले. त्या शेतांत दाणे, किडे आणि मोकळी जागा होती. आता तरुण मंडळी अथेन्सला किंवा परदेशी गेली. २०२१ च्या जनगणनेत इथे जेमतेम चाळीस माणसे उरली होती. बांध ढासळत आहेत, शेतांत काटेरी झुडपे वाढली आहेत, आणि मोकाट शेळ्या उरलेसुरले कोंब खात आहेत.

माणूस निघून गेला की निसर्ग आपोआप फुलतो, असे आपल्याला वाटते. या बेटापुरते तरी ते पूर्ण खरे नाही. म्हणूनच ग्रीक पक्षिशास्त्र संस्था इथे एक केंद्र चालवते. स्वयंसेवक पाखरांच्या पायांत कडी घालून त्यांची नोंद ठेवतात. काही पडीक शेतांत पुन्हा धान्य पेरण्याचे प्रयत्नही झाले आहेत. हे पीक माणसाच्या कोठारासाठी नाही, वाटसरू पाखरांसाठी आहे. शेत राखले तर पाखरू थांबेल, आणि पाखरू थांबले तरच ससाण्याचे वेळापत्रक चालू राहील.