पुंजक्षेत्र-सिद्धान्तातील सदिश क्षेत्र

नृसिंहवाडीस कृष्णा व पंचगंगा यांचा संगम आहे. तेथील प्रवाहाच्या प्रत्येक बिंदूस एक वेग जोडता येतो. या वेगांनी सदिश क्षेत्र बनते. घाटावरील निरीक्षकाने आपले अक्ष फिरविले, तर वेगाचे घटक बदलतात; प्रवाह बदलत नाही. घटकांच्या या बदलाचा नियम हीच सदिशाची खरी ओळख होय. शिवाय पाणी जवळजवळ असंपीड्य असल्याने वेगाचे अपसरण शून्य असते. या बंधनामुळे तीन घटकांपैकी दोनच स्वतंत्र उरतात.

पुंजक्षेत्र-सिद्धान्ताच्या आरंभी हाच विचार उपयोगी पडतो. तेथे परिभ्रमणाची जागा लोरेंट्झ रूपांतरण घेते, घटक चार होतात, आणि प्रत्येक घटक संख्या नसून कारक असतो; तो कणांची निर्मिती वा विलय घडवितो. परंतु घटक चार म्हणून कणाच्या अवस्थाही चार, असे नव्हे. प्रोका यांच्या १९३६ मधील समीकरणातून चतुर्मितीय अपसरण शून्य निघते. त्यामुळे वस्तुमानयुक्त कणास परिवलनाच्या तीन अवस्था राहतात. १९८३ साली सर्न येथे आढळलेले डब्ल्यू व झेड कण याच वर्गातले. वस्तुमान शून्य असता मात्र ही अट समीकरणातून निघत नाही. तेथे गेज-सममिती दोन अवस्था वगळते, आणि फोटॉनास ध्रुवणाच्या दोनच अवस्था उरतात.

तात्पर्य, कोणत्याही सदिश क्षेत्राविषयी विद्यार्थ्याने प्रथम तीन गोष्टी पाहाव्यात: घटकांच्या रूपांतरणाचा नियम, त्यांवरील बंधने, आणि उरणाऱ्या स्वतंत्र अवस्था.