क्रोल आणि लोंबता दोर

स्वारगेटहून वेल्ह्याची एसटी धरायची, तिथून मिळेल त्या गाडीने मोहरी गाठायची आणि बोराट्याच्या नाळेने लिंगाण्याकडे उतरायचं, ही पुण्याच्या प्रस्तरारोहकांची जुनी, ठरलेली वाट. लिंगाण्यावर पुढचा गडी वर जाऊन दोर बांधतो आणि बाकीचे त्यावर जुमार, म्हणजे दोरावर वर सरकणारं पण खाली ओढलं की चावणारं मुठीचं साधन, लावून चढतात. पाय कातळाला टेकलेले असतात तोवर सगळं झकास चालतं. पण कोकणकड्यासारखा कातळ पोटात गेला आणि दोर मोकळ्या हवेत लोंबू लागला, की तोच गडी गरगर फिरतो, हातांनी अंग ओढत राहतो आणि थोड्याच वेळात त्याचे दंड भरून येतात. ताकद कमी पडली असं आपण म्हणतो. माझं मत वेगळं आहे. ताकद असते, चुकलेली असते ती साधनांची जुळणी.

ही जुळणी उत्तम जमवली ती उभ्या गुहांमध्ये उतरणाऱ्यांनी. आपल्याकडे तशा गुहा नाहीत. चुनखडी पाण्यात विरघळते आणि तिच्यात खोल विहिरी तयार होतात. सह्याद्रीचा बेसाल्ट तसा विरघळत नाही. भारतात चुनखडीच्या गुहांसाठी मेघालय प्रसिद्ध आहे, पण तिथल्या बहुतेक गुहा आडव्या पसरलेल्या आहेत. उभ्या गुहेचं माप कळायला पुण्यातलंच उदाहरण घेऊ. मेट्रोचं सिव्हिल कोर्ट स्थानक जमिनीखाली सुमारे 33 मीटर आहे. अमेरिकेतल्या जॉर्जियामधल्या एलिसन्स केव्हमध्ये एकाच सरळ टप्प्यात सुमारे 179 मीटर दोरावर उतरावं लागतं आणि तेवढंच परत चढावं लागतं. कड्यावर दमलेल्या माणसाला कधीकधी खाली सोडता येतं. गुहेत मात्र घरची वाट वरूनच जाते.

दोरावर चढायची साधनं टप्प्याटप्प्याने घडत गेली. ऑस्ट्रियाच्या कार्ल प्रुसिकने 1931 मध्ये भार पडला की दोराला घट्ट धरणारी गाठ प्रसिद्ध केली. 1958 मध्ये स्वित्झर्लंडच्या अडॉल्फ युसी आणि वॉल्टर मार्टी यांनी जुमार आणला. दोघांच्या आडनावांची सुरुवात जोडून ते नाव झालं. फ्रान्समध्ये फर्नांड पेट्झल हा पिएर शेव्हालिएच्या चमूबरोबर दाँ द क्रोल या डोंगराच्या गुहा धुंडाळत असे. पुढे त्याने छातीवर बसणारं छोटं साधन बनवलं आणि त्याला त्याच डोंगराचं नाव दिलं: क्रोल.

क्रोल म्हणजे मूठ नसलेला जुमारच. आत दातेरी कॅम असतो, तो दोरावरून वर सरकतो आणि खाली ओढला की चावतो. पण तो हातात धरायचा नसतो. तो कमरेच्या हार्नेसला अडकवतात आणि छातीचा पट्टा त्याला ताठ उभा ठेवतो. वर मुठीचा जुमार, त्याला पायाची दोरी आणि हार्नेसला जोडणारी सुरक्षा दोरी. गुडघे पोटाशी घ्यायचे, टाचा नितंबांखाली आणायच्या आणि सरळ उभं राहायचं. क्रोल आपोआप वर सरकतो. मग बसायचं, मुठीचा जुमार वर ढकलायचा आणि पुन्हा उभं राहायचं. बेडकासारख्या या हालचालीमुळे याला फ्रॉग पद्धत म्हणतात. काम मांड्या करतात, हात फक्त तोल सांभाळतात. पाय पुढे फेकले की सगळा भार हातांवर येतो. नवखे दमतात ते इथेच.

मापं नेमकी हवीत. पायाच्या दोरीत सरळ उभं राहिल्यावर क्रोल मुठीच्या जुमारच्या जेमतेम खाली यायला हवा. दोरी लांब ठेवली तर प्रत्येक पावलात काही इंच वाया जातात. सुरक्षा दोरीचं माप त्याहून मोलाचं: क्रोल सुटला आणि तिच्यावर लटकायची वेळ आली, तरी मुठीचा जुमार हाताला लागलाच पाहिजे. नाहीतर माणूस दोन हातांवर असलेल्या सुटकेकडे बघत अडकून पडतो, आणि हार्नेसमध्ये निश्चल लटकणं जिवावर बेतू शकतं.

प्रत्येक ठिकाणी फ्रॉगच योग्य असं नाही. लांबलचक, सलग, मोकळ्या दोरावर अमेरिकन गुहावीर रोपवॉकर वापरतात. त्यात दोन पायांना दोन साधनं असतात आणि जिना चढावा तसं चढता येतं. वेग भरपूर मिळतो. पण मध्ये गाठ आली की ती साधनं काढताघालताना जीव मेटाकुटीला येतो. युरोपात दोर मध्येमध्ये पुन्हा बोल्टला बांधून घेतात, म्हणून तिथे फ्रॉग रुजला. दोर कसा बांधलाय ते आधी पाहावं, मग साधन निवडावं.

बांधणीचं मूळ सूत्र एकच: दोर कातळाला घासता कामा नये. चढणाऱ्याच्या प्रत्येक उठाबशीला दोर ताणतो, आखडतो आणि धारेवर करवतीसारखा फिरतो. म्हणूनच कमी ताणला जाणारा स्टॅटिक दोर वापरायचा आणि जिथे घासेल तिथे नवा अँकर ठोकून दोर मोकळा करायचा. दोन बोल्टमध्ये भार वाटताना दोरांमधला कोन 90 अंशांच्या आत ठेवावा. 120 अंशांवर प्रत्येक बोल्टवर पूर्ण भार येतो, वाटणी नावालाच उरते. दातेरी साधनावर झटका बसू देऊ नये, कारण साधारण 4 ते 6 किलोन्यूटनला ते दोराचं कवच फाडू शकतं. मधल्या गाठीच्या बोटभर खाली जुमार थांबवावा; गाठीला भिडला तर कॅम उघडत नाही. आणि दोराच्या खालच्या टोकाला गाठ हवीच.

पुण्यातल्या क्लबांना माझी विनंती आहे. रॅपलिंगच्या शिबिरात चढण्याइतकाच वेळ अदलाबदलीला द्या: चढता चढता थांबून उतरायला लागणं, मधली गाठ ओलांडणं, अडकलेल्या सोबत्याला खाली आणणं. क्रोल विकत घेणं सोपं आहे. तो लावून, अंधारात, हातमोजे घालून ही तीन कामं ज्याला जमिनीपासून दोन मीटरवर जमत नाहीत, त्याला लोंबत्या दोरावर पाठवू नका.