वढूच्या उंबऱ्यावरून राष्ट्रीय लसीकरणापर्यंत

कोरेगाव भीमाजवळच्या वढू बुद्रुकला लोक छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीला जातात. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं मोठं संशोधनही इथेच चालतं, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं!

1970 च्या दशकात केईएमच्या डॉ. बानू कोयाजींनी इथला ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभा केला. 1993 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

2002 पासून प्रकल्पाचे कार्यकर्ते शिरूर-हवेलीतल्या 22 गावांत घरोघरी जाऊन विचारतात: कोण जन्मलं, कोण वारलं, नवं कोण राहायला आलं? कारखान्यांच्या पट्ट्यात भाडेकरू सतत बदलतात; ही नोंद ठेवणं खरंच चिकाटीचं काम.

घरोघरच्या नोंदींखेरीज इथे लशींचंही संशोधन झालं: रोटाव्हायरसविरुद्धच्या रोटाव्हॅक लशीच्या चाचणीत दिल्ली, वेल्लोरसोबत वढूही होतं. एकूण 6,799 बाळं. रोटाव्हायरसच्या तीव्र जुलाबांपासून पहिल्या वर्षी सुमारे 56 टक्के संरक्षण. 2016 पासून या लशीचे पाच थेंब राष्ट्रीय लसीकरणात टप्प्याटप्प्याने आले.