‘संशयकल्लोळ’ आणि ‘तो मी नव्हेच’ : पत्नीच्या संशयाची दोन नाट्यरूपे

पतीच्या पूर्वायुष्याविषयी किंवा गुप्त वर्तनाविषयी पत्नीच्या मनात उद्भवणारा संशय मराठी नाटकाला अपरिचित नाही. हा संशय हास्याचा विषय ठरतो की साक्षीचा, हे नाटककार तिच्या शब्दाला कितपत प्रमाण मानतो यावर अवलंबून असते. या दृष्टीने गो. ब. देवलांचे ‘संशयकल्लोळ’ आणि प्र. के. अत्रे यांचे ‘तो मी नव्हेच’ ही नाटके एकत्र वाचण्यासारखी आहेत.

मोलिएरच्या १६६० मधील प्रहसनाच्या आधारे आर्थर मर्फी याने १७६१ मध्ये ‘ऑल इन द राँग’ लिहिले. त्यावरून देवलांनी प्रथम ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हे गद्य नाटक रचले आणि १९१६ मध्ये ते ‘संशयकल्लोळ’ या नावाने संगीतरूपात रंगभूमीवर आले. मूर्च्छित रेवतीला सावरणारा फाल्गुनराव कृत्तिकेच्या दृष्टीस पडतो आणि तिचा संशय बळावतो. रेवतीच्या हातून पडलेली अश्विनशेठची तसबीर कृत्तिकेपाशी दिसताच फाल्गुनरावही तसाच पेटतो. प्रेक्षकाला सत्य आधीच ठाऊक असल्याने दोघांचा संताप हास्यास्पद ठरतो. येथे एक गोष्ट मात्र ध्यानात घेतली पाहिजे. कृत्तिकेने पाहिले ते खोटे नव्हते; तिने लावलेला अर्थ तेवढा चुकीचा होता. पती निर्दोष आहे, या गृहीतावरच हे प्रहसन उभे आहे.

हे गृहीत अत्र्यांनी उलटे केले. माधव काझी या ठकसेनाच्या गाजलेल्या प्रकरणाचा आधार असलेल्या ‘तो मी नव्हेच’चा पहिला प्रयोग ८ ऑक्टोबर १९६२ रोजी दिल्लीत झाला. दिवाकर दातार, कॅप्टन अशोक परांजपे अशी नावे आणि प्रतिष्ठित व्यवसाय धारण करून स्त्रियांना फसवणारा इसम न्यायालयात मात्र आपण निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे असल्याचे ठासून सांगतो. त्याचा बचाव विवाह झालाच नाही असा नसून, विवाह करणारा मी नव्हे, असा आहे. परिणामी ज्या स्त्रीने त्याच्याशी संसार केला, तिलाच आपण आपल्या नवऱ्याला ओळखतो हे सिद्ध करावे लागते. तिचा संशय आता मनाचा रोग राहत नाही, तो पुरावा होऊ पाहतो. फिरत्या रंगमंचामुळे साक्ष आणि पूर्वघटना एकापाठोपाठ दिसतात आणि तिच्या शब्दाला दृश्याचा आधार मिळतो.

लखोबाचे खरे भांडवल म्हणजे गावागावांतील अंतर. एका गावातील ओळख दुसऱ्या गावात पोचत नाही, यावर त्याचा सारा डाव आधारलेला आहे. रत्नागिरीसारख्या जिल्ह्यातील वाचकाला या अंतराचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पुरुष मुंबईला चाकरीस आणि स्त्रिया गावी, ही तेथील कुटुंबांची जुनी रीत. २०११ च्या जनगणनेतही या जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. मुंबईतील चाकरमान्याचे बहुसंख्य वर्तन प्रामाणिक असले, तरी त्याचे तेथील आयुष्य पत्नीला ऐकीव माहितीवरूनच कळे. स्थळ पाहताना घराणे, उत्पन्न आणि पत्रिका यांची चौकशी होई. गृहस्थाच्या पूर्वायुष्याची ग्वाही मात्र एखाद्या मध्यस्थाच्या शब्दावर स्वीकारली जाई.

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने द्विभार्या विवाह रद्दबातल ठरविला. पूर्वीचा विवाह लपवून दुसरा करणे हा भारतीय दंड विधानाच्या कलम ४९५ प्रमाणे दहा वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र असा गुन्हा होता. १ जुलै २०२४ पासून तीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ मध्ये आहे. तथापि कायदा गुन्हा सिद्ध झाल्यावर शिक्षा देतो. संशय आणि सिद्धता यांमधील वाट स्त्रीला एकटीनेच चालावी लागते.

कृत्तिकेला शंका घेतल्याबद्दल हसू सहन करावे लागते, तर लखोबाने फसविलेल्या स्त्रियांना वेळीच शंका न घेतल्याची किंमत मोजावी लागते. दोन्ही नाटके शेजारी ठेवली की पत्नीसमोरील हा पेच स्पष्ट होतो. म्हणूनच ‘संशयकल्लोळ’वर मनमुराद हसणाऱ्या प्रेक्षकाने, फाल्गुनराव खरोखरच दोषी असता तर कृत्तिकेवर कोणी विश्वास ठेवला असता काय, हा प्रश्नही स्वतःला विचारून पाहावा.