तगर लावताय? आधी कोणती ते पाहा!

शेतकरी बंधूंनो, झोपेच्या औषधात तगर पडते, तिच्या मुळीला पैसा मिळतो, असे ऐकून आपल्या देगलूर भागातले बरेच जण चौकशी करू लागले आहेत. 'साहेब, तगर तर आमच्या दारातच आहे. फांद्या तोडून एकरभर लावल्या की झालं!' घोळ इथंच होतो.

दारातली, जिची पांढरी फुले आपण देवाला वाहतो, ती तगर वेगळी. ती कण्हेर-सदाफुलीच्या कुळातली. फांदी मोडली की पांढरा चीक गळतो. औषधी तगर, म्हणजे काष्ठौषधीच्या दुकानातला 'तगर गंठोडा', ही हिमालयातली वनस्पती. हातभरसुद्धा वाढत नाही. पान बदामी, कडेला दाते, चीक अजिबात नाही. जमिनीखाली गाठाळ आडवी मुळी असते आणि ती वाळली की घामट मोज्यासारखा उग्र वास सुटतो. म्हणून दारच्या झाडाची मुळी उगाळून कोणी झोपेसाठी घेत असेल तर त्याला आजच थांबवा. (आपल्या मराठवाड्यातल्या तेरचे जुने नावही तगरच होते, पण नावावरून पीक ठरत नाही!)

काश्मीरपासून भूतानपर्यंत, साधारण १२०० ते ३००० मीटर उंचीवर, झाडांच्या सावलीत, पालापाचोळा कुजलेल्या ओलसर जमिनीत ही तगर वाढते. पालमपूरच्या हिमालयीन जैवसंपदा संस्थेने तिचा 'हिमबाला' नावाचा वाणही काढला आहे, पण तो त्या डोंगरांसाठी. तिकडे बी किंवा मुळीचे तुकडे लावतात, साधारण दुसऱ्या वर्षी मुळ्या काढतात आणि सावलीत वाळवतात. युरोपात 'व्हॅलेरियन' म्हणून परसात लावतात ती हिचीच बहीण, उंचीने मात्र कमरेच्या वर जाते. तिच्या वासाला मांजरे भुलतात, कोवळी रोपे लोळून मोडतात, म्हणून लोक भोवती जाळी लावतात.

आता आपला मे महिना आठवा. पारा ४० च्या वर, वारा कोरडा, काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा. पावसाळ्यात तेच रान पाणी धरून बसते. उन्हाळ्यात ही तगर करपते, पावसाळ्यात मुळी सडते. शेडनेट आणि ठिबक घालून ती जगवता येईलही, पण खर्च मुळीतून निघणार नाही. हौसच असेल तर कुंडीत लावा. निम्मे शेणखत, थोडी वाळू, तळाला भोक, जागा सावलीची, माती कायम ओलसर. बी फार बारीक असते, ते मातीत गाडू नका, वरच भुरभुरा. एवढे करूनही उन्हाळा पार पडेल असे मी सांगत नाही.

'रोपे आमच्याकडून घ्या, मुळी आम्हीच परत घेऊ' असे म्हणणारा कोणी गावात आला तर सरपंच आणि ग्रामपंचायतीच्या अधिकाऱ्यांनी आधी त्याचा लेखी करार मागावा. २००० सालानंतरची सफेद मुसळीची लाट आठवते ना? कंद विकणाऱ्यांनी कमावले. लावणाऱ्यांपैकी अनेकांना मात्र गिऱ्हाईक सापडले नाही.

झोपेच्या औषधातलेच पीक घ्यायचे असेल तर अश्वगंधा बघा. तिला हलकी, निचऱ्याची, मुरमाड जमीन चालते. काळे रान नको. जोराचा पाऊस ओसरला की जुलैअखेर ते ऑगस्टमध्ये पेरणी करा. बी थेट पेरता येते, रोपे विकत घ्यावी लागत नाहीत. पाच-सहा महिन्यांत पाने वाळून फळे लाल झाली की झाडे उपटा. मोठा बाजार मध्य प्रदेशात नीमचला भरतो. देगलूरहून तो लांब आहे, म्हणून वाहतूक धरूनच हिशेब करा. पहिल्या वर्षी पाच-दहा गुंठ्यांपुढे जाऊ नका आणि मुळ्या धुऊन, जाड-बारीक वेगळ्या करूनच वाळवा. भाव जाडीवर ठरतो.