धूळ अडविणारे कापड आणि दगड दळणारी माणसे

आमचा धंदा कापडाचा. लुंगी, चादर आणि सुती थानांची देवाणघेवाण करता करता कामठी-नागपूरच्या बाजारात आमची तीस वर्षे गेली. मग दगड दळणाऱ्या गिरणीविषयी आम्ही कशाला लिहावे, असा प्रश्न वाचक बंधूंना पडेल. त्याचे उत्तर आमच्याच वहीखात्यात आहे. या गिरण्यांतील धूळ कापडाच्या पिशव्यांनी अडविली जाते आणि तशा पिशव्या एकदा आम्हीही विकल्या होत्या. त्या व्यवहारात आम्ही जे शिकलो ते आमच्या व्यापारी आणि कारागीर बांधवांच्या कानावर घालावे, म्हणून हा लेख.

नागपूर, भंडारा आणि शेजारचा बालाघाट हा मुलूख मँगनीजचा. मनसर, कांद्री, गुमगाव, डोंगरी बुजुर्ग ही नावे आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक असतात. यातला बराचसा माल पोलादाच्या कामी जातो. डायऑक्साइड जातीचा काळा दगड मात्र दळून ड्राय सेलमध्ये, रसायनांत आणि विटांना रंग देण्यासाठी वापरतात. दळायचे म्हटले की गिरणी आली, आणि गिरणी आली की धूळ आली.

जुनी गोष्ट, आपल्याच धंद्याची

मँगनीजच्या धुळीने माणूस आजारी पडतो, हे जगाला प्रथम कळले ते कापडाच्या धंद्यामुळेच. १७९९ मध्ये ग्लासगोच्या चार्ल्स टेनंट यांनी ब्लिचिंग पावडरचे पेटंट घेतले. त्याआधी सुती कापड पांढरे करायचे तर ते आठवडेच्या आठवडे कुरणावर उन्हात पसरून ठेवावे लागे. नव्या पावडरीने ते काम झटपट होऊ लागले. ही पावडर करण्यासाठी लागणारा क्लोरीन वायू मँगनीजच्या काळ्या दगडापासून काढीत आणि त्यासाठी आधी तो दगड दळावा लागे.

१८३७ मध्ये कूपर नावाच्या स्कॉटिश डॉक्टरांनी हा दगड दळणाऱ्या पाच मजुरांची हकीकत छापली. त्यांच्या पायांतील शक्ती गेली होती, चालताना ते पुढे झुकत, तोंडातून लाळ गळे आणि आवाज कुजबुजीइतका बारीक झाला होता. आज डॉक्टर या रोगाला मँगॅनिझम म्हणतात. तो कंपवातासारखा दिसतो. सुरुवातीलाच धुळीतून बाहेर काढले तर माणूस सावरू शकतो. रोग पुढे गेला की सहसा मागे फिरत नाही. पांढऱ्याशुभ्र थानांवर नफा कमावणाऱ्या व्यापाऱ्यांपैकी किती जणांना त्या पाच मजुरांची खबर असेल? आम्हालाही ती नव्हती.

आमची चूक

२०११ ची गोष्ट. आमच्या ओळखीच्या एका शेठचा मँगनीज दळण्याचा लहान कारखाना होता. त्यांना धूळ पकडणाऱ्या यंत्रासाठी पिशव्या हव्या होत्या. पूर्वीचा माल पॉलिएस्टरच्या जाड नमद्याचा, म्हणजे नीडल फेल्टचा होता आणि तो महाग पडत होता. "कापडच ना? तुम्ही स्वस्तात शिवून द्या," ते म्हणाले. आम्ही मोहल्ल्यातील टेलरकडून जाड सुती कापडाच्या पिशव्या सुती दोऱ्यानेच शिवून घेतल्या. आत किती गरम हवा येते, ओल किती असते, भुकटी किती बारीक आहे, यातले आम्ही काहीच विचारले नाही. माप घेतले, भाव ठरविला आणि माल पाठविला.

अडीच महिन्यांनी वसुलीसाठी गेलो तेव्हा कारखान्याच्या अंगणापासूनच सगळे काळे दिसले. दगड दळण्याआधी भट्टीत सुकवीत असत. सुती कापड साधारण ८० अंशांपर्यंतच टिकते, तिथली हवा त्याहून गरम होती. आधी दोरा करपला, मग शिवण उसवली. ऑर्डर अडली होती म्हणून शेठनी गिरणी बंद केली नाही. तीन आठवडे ती फाटक्या पिशव्यांवर चालू होती. गोण्या भरणारी चार माणसे तोंडाला गमछा बांधून काम करीत होती.

तिथल्या बुजुर्ग फिटरने आम्हाला बाजूला घेतले. तो म्हणाला, "शेठ, कापड तुमचं आणि छाती आमची. विकण्याआधी एकदा येऊन बघायचं तरी."

आम्हाला उत्तर देता आले नाही. रसूलुल्लाह (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला आणि आतून ओले धान्य निघाले, तो किस्सा आपण प्रत्येक जुम्याच्या बयानात ऐकतो. आमचा माल वरून कोरडा आणि आतून ओला होता. आम्ही पैसे मागितले नाहीत. योग्य फेल्टच्या पिशव्या पदरच्या खर्चाने आणून दिल्या आणि त्या बसेपर्यंत गिरणी बंद ठेवण्याची शेठना गळ घातली. नुकसान आम्ही सोसले. पण गोण्या भरणाऱ्यांपैकी एक जण तोवर काम सोडून बालाघाटकडे आपल्या गावी गेला होता. त्याच्या छातीत गेलेली धूळ कुठल्याच वहीत जमा-खर्च करता येत नाही.

गिरणी कुठे माणूस धरते

त्या फिटरकडे आम्ही नंतर अनेकदा बसलो. त्याने सांगितलेल्या गोष्टी इथे देतो, कारण आपल्या समाजात क्रशर, चक्की, पॉवरलूम चालविणारे पुष्कळ आहेत.

खाणीचा दगड प्रथम जॉ क्रशरमध्ये पडतो. दोन पोलादी जबडे त्याला चावतात. दगड अडकला की नवखा माणूस वरून पहार घालून ढोसतो. जबडा फिरत असेल तर दगड किंवा पहार उसळून तोंडावर येते. म्हणून आधी माल टाकणे बंद, मग यंत्र बंद, मग मेन स्विच बंद, आणि त्यानंतरच हात लावायचा.

पुढे बॉल मिल. हे आडवे पोलादी पिंप असते. आतून जाड प्लेटा आणि साधारण तिसरा हिस्सा किंवा थोडा जास्त भाग पोलादी गोळ्यांनी भरलेला. पिंप फिरले की गोळे वर चढून खाली कोसळतात आणि दगडाचे पीठ होते. दोन मीटर व्यासाच्या पिंपाला मिनिटाला सुमारे ३० फेरे दिले तर गोळे भिंतीला चिकटूनच फिरतात आणि दळण थांबते. म्हणून असे पिंप मिनिटाला २१-२२ फेऱ्यांवरच चालवितात. जास्त माल निघेल या आशेने पुली बदलून वेग वाढविणारा मालक माल वाढवीत नाही; प्लेटा आणि बेअरिंग मात्र झिजवितो.

खरा धोका गिरणी थांबल्यावर असतो. वीज गेली तरी आतील गोळे एका बाजूला चढलेले असू शकतात. ते वजन खाली येते तेव्हा पिंप आपोआप उलटे झुलते. त्यामुळे बंद गिरणी म्हणजे निर्धोक गिरणी नव्हे. फार दिवस बंद राहिली तर आतील ओला माल गोळ्यांसह थिजून एकच गोळा होतो. तशीच सुरू केली तर तो सगळा ढीग वरून एकदम कोसळतो. अशा वेळी गिरणी थोडी थोडी फिरवून माल सुटला की नाही हे पाहावे लागते.

आत माणूस उतरवायचा असेल तर फिटरचा नियम असा होता:

१. मेन स्विच बंद करून त्याला कुलूप लावावे. किल्ली आत उतरणाऱ्याच्याच खिशात राहावी. दोघे उतरले तर कुलपेही दोन.

२. मग सुरू करण्याचे बटण दाबून पाहावे. गिरणी हलली नाही तरच पुढे जावे.

३. पिंप फिरू नये म्हणून ब्रेक किंवा पाचर लावावी.

४. झाकणे उघडून हवा खेळू द्यावी, पिंप थंड होऊ द्यावे. वरची सैल प्लेट किंवा अडकलेला गोळा डोक्यावर पडणार नाही हे आधी बाहेरून पाहावे.

५. एक माणूस सतत झाकणाशी उभा राहावा. त्याला दुसरे काम सांगू नये, चहा आणायलाही पाठवू नये.

६. काम झाल्यावर माणसे मोजावीत, हत्यारे मोजावीत, पुलीवरील जाळी परत बसवावी आणि मगच कुलूप काढावे.

त्या कारखान्यात धोक्याची पाटी होती, पण इंग्रजीत. आम्ही उर्दू शाळेत शिकलेलो, आमच्याने ती धड वाचवली नाही. मग गोंडी आणि हिंदी बोलणाऱ्या मजुराची काय कथा? पाटी मजुराच्या भाषेत असावी आणि तीवर चित्रही असावे.

कपड्याबद्दल कायदा काय म्हणतो

१९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम २२ मध्ये आमच्या धंद्याचीच गोष्ट होती. चालू यंत्राजवळ तेल घालणे किंवा पट्टा तपासणे अगदीच भाग असेल, तर ते काम फक्त खास शिकलेल्या प्रौढ पुरुष कामगाराने करावे, त्याने अंगासरसे घट्ट कपडे घालावेत आणि ते कपडे मालकाने पुरवावेत, असे त्यात लिहिले होते. त्या कायद्याची जागा आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामकाजाच्या परिस्थितीविषयीच्या २०२० च्या संहितेने घेतली आहे. ती नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. कायद्याचे नाव बदलले तरी पट्ट्याची ओढ तीच आहे. गळ्यातील गमछा, सैल बाही, लुंगीचे टोक, ओढणी यांपैकी काहीही फिरत्या शाफ्टला लागले की माणूस त्यापाठोपाठ ओढला जातो. मालेगाव, भिवंडीच्या लूमवर काम करणाऱ्या बांधवांना हे वेगळे सांगायला नको.

आवाजाचेही तसेच आहे. आठ तासांच्या पाळीसाठी आपल्याकडे ९० डेसिबलची मर्यादा धरली आहे आणि बॉल मिल ती सहज ओलांडते. कानाला बोळे किंवा मफ न लावता दहा वर्षे काम केलेल्या माणसाला शेजारची अजानही ऐकू येईनाशी होते.

दिसत नाही तीच धूळ घातक

डोळ्यांना दिसणारी धूळ नाकात, घशात अडकते. फुप्फुसाच्या तळाशी जाते ती पाच मायक्रॉनहून बारीक, म्हणजे केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. गमछ्याच्या विणीतून ती आरपार जाते. दगडात गारगोटी असेल तर त्या धुळीने सिलिकोसिस होतो. त्याला औषध नाही आणि त्यात क्षयाचा धोकाही वाढतो. गुजरातेत गोध्रा परिसरातील गारगोटी दळणाऱ्या कारखान्यांत मध्य प्रदेशातील अलिराजपूर, झाबुआकडचे आदिवासी मजूर राबले. त्यांपैकी २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये द्यावेत, असे राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१० मध्ये सांगितले आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ते पैसे देण्याचा आदेश दिला. सिलिकोसिस आणि मँगनीजची बाधा हे दोन्ही रोग कायद्याच्या यादीत आहेत. असा रुग्ण आढळल्यास डॉक्टरने सरकारला कळविणे बंधनकारक आहे.

उपाय फार मोठे नाहीत. शक्य तिथे माल ओला करून दळावा. माल पडतो ती जागा बंदिस्त करून तिथली हवा पंख्याने पिशव्यांकडे खेचावी. झाडूने कोरडे झाडू नये आणि कॉम्प्रेसरच्या हवेने कपडे झटकू नयेत. त्याने बसलेली धूळ पुन्हा नाकाशी येते. गमछ्याऐवजी चेहऱ्याला नीट बसणारा, बारीक धूळ अडविणारा मास्क द्यावा. कामाचे कपडे कारखान्यातच बदलावेत आणि तिथेच धुवावेत. नाहीतर तीच धूळ घरी जाते आणि कपडे धुणाऱ्या बायकोच्या, अंगाला बिलगणाऱ्या मुलांच्या श्वासात मिसळते.

आमच्या व्यापारी बांधवांसाठी

धूळ गाळणाऱ्या पिशव्यांचा धंदा चांगला आहे. सिमेंट, खनिज, डाळ, मसाला अशा कितीतरी ठिकाणी त्या लागतात आणि आपल्या मोहल्ल्यात शिवणाऱ्या हातांची कमतरता नाही. पण ऑर्डर घेण्यापूर्वी स्वतः जाऊन यंत्र पाहावे. हवा किती अंश गरम आहे, ओल आणि आम्ल आहे का, भुकटी किती बारीक आहे, पिशवी आतील सांगाड्यावर कशी बसते, हे विचारून लिहून घ्यावे. पॉलिएस्टर कोरड्या हवेत १३० अंशांच्या आसपास चालते, पण गरम ओलीत लवकर कुजते. दोरा कापडाच्याच जातीचा असावा, कारण पिशवी आधी शिवणीत फाटते. गिऱ्हाइकाला हेही सांगावे की, पिशव्यांच्या दोन्ही बाजूंचा हवेचा दाब दाखविणाऱ्या नळीवर रोज नजर ठेवा. दाब फार वाढला तर पिशव्या तुंबल्या, एकदम उतरला तर कुठेतरी फाटल्या. फाटल्या तर गिरणी थांबवा.

आणि गिऱ्हाईक म्हणाले की, स्वस्तातले काहीही चालेल, तर हात जोडून नाही म्हणावे. त्या दिवशी तसे म्हटले असते तर आमची एक ऑर्डर गेली असती, इतकेच. आमच्या दुकानात आज त्या उसवलेल्या पिशव्यांपैकी एक टांगलेली आहे. नव्या नोकराला आम्ही आधी ती दाखवतो आणि मग गज हातात देतो.

अल्लाह तआला आपल्या सर्वांच्या रोजीत बरकत देवो आणि आपल्या कमाईसाठी कोणाचा श्वास खर्ची पडू नये, याची समज देवो. आमीन.